गावंडे परिवाराची फर्माईश

“म्हणजे मॅडम, हा रेडिओच झाला ना?”

“रेडिओसारखाच, पण वेळ आपली. त्यांनी आधीच बोलून ठेवलेलं असतं, आपण आपल्या सवडीनं ऐकायचं. मध्येच दूध उतू जायला लागलं तर थांबवायचं, गॅस बंद करायचा, पुन्हा तिथूनच सुरू करायचं.”

“अन् तेवढा वेळ ती निवेदिका काय करते मंग? बसून राहते?”

हॉलभर हशा पिकला. विचारणारे राऊत सर निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांनी प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता. मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

दर्यापूरच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी तेव्हा मोबाइलचा वर्ग घेत होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर संगणक शिकवायची, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी माशा मारत बसायची. त्यामुळे संघाच्या सेक्रेटरींनी विचारल्यावर लगेच हो म्हटलं. फोटो पाठवणं, गुलाबाच्या फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहिणं, भलत्या लिंकवर बोट न ठेवणं एवढं शिकवून झालं होतं. पॉडकास्ट मी माझ्या मनानं घुसवला. यांचे डोळे थकलेत, कान शाबूत आहेत, तर बापड्यांना ऐकायला तरी काही मिळू दे, एवढाच विचार. ॲप कुठलं, शोधायचं कसं, आवडलं तर त्या कार्यक्रमाला धरून कसं ठेवायचं, हे सगळं फळ्यावर लिहिलं.

शेवटच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला. “मॅडम, याच्यात फर्माईश कुठं पाठवाची?”

मी वळून पाहिलं. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेले तुळशीरामजी गावंडे होते. त्यांना गावात न ओळखणारा माणूस विरळा. एसटी स्टँडावर वर्षानुवर्षं गाड्यांच्या घोषणा त्यांनीच दिल्या. परतवाडा, अकोट, मूर्तिजापूर ही नावं ते अशी काही उच्चारत की गाडी लागण्याआधीच आपण अर्धे पोचलोय असं वाटायचं. कॉलेजला असताना त्या आवाजावर आम्ही मुली पर्स सांभाळत धावत सुटायचो. आता तो आवाज पातेलं खरवडल्यासारखा येत होता.

“यात फर्माईश नसते काका. ते बोलतात, आपण ऐकतो.”

“अस्सं,” ते म्हणाले. पण वर्ग सुटल्यावर सगळे गेले तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत.

“एक कार्यक्रम हाये म्हणे,” माझं सामान आवरून होताच त्यांनी मोबाइल पुढे केला. “‘मागचं दार’ नावाचा. तेवढा लावून द्या.”

मी शोधला. सापडला. बायकांनी परसदारी उभं राहून माराव्यात तशा गप्पा, दर शुक्रवारी नवा भाग. मी बटण दाबलं. “नमस्कार, मी मंजुषा,” एक बाई बोलू लागली, “मागचं दार उघडंच आहे. या, टेका जरा.” भरदार, ठाय लयीतला आवाज होता. प्रत्येक अक्षर स्वच्छ. असा आवाज मी आधी कुठंतरी ऐकलाय असं मला वाटलं, आणि समोर बघितल्यावर कुठं ते कळलंही.

तुळशीरामजींनी मोबाइल दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता. “माही पोरगी हाये,” ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. स्टँडावरच्या कँटीनवाल्याचा मुलगा विनोद. परजातीचा. त्याच्या हातचा चहा तुळशीरामजी रोज प्यायचे, आणि त्याच्याशीच मंजूनं लग्न केलं. तेव्हापासून बोलणं नाही, येणं नाही, जाणं नाही. दोघं आता कोल्हापूरकडे असतात म्हणे. तिचा आवाज मोबाइलमध्ये येतो हे त्यांना एका जुन्या कंडक्टरच्या बायकोनं सांगितलं होतं.

“मंग आता माझं असं हाये,” त्यांनी मफलर बाजूला केला आणि तळहात आडवा करून गळ्यावरून फिरवला. “गाठ हाये. नागपूरचे डॉक्टर म्हणते, स्वरयंत्र पूर्ण काढा लागते. जगाल, पण बोलणं नाही. पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारनंतर केव्हाही बोलावते.”

“अरेरे,” असं काहीतरी मी म्हटलं असेन.

“मरणाचं काही नाही. पण जाच्या आधी हा आवाज एकदा तिच्या कानावर पडला पाह्यजे. ते कंडक्टरची बायको सांगत होती, शेवटी शेवटी ती लोकायचे आवाज बी लावते. खरं हाये काय?”

खरं होतं. भागाच्या शेवटी मंजुषा एक नंबर सांगायची. त्यावर आपला आवाज नोंदवून पाठवायचा, निवडक आवाज ती पुढच्या भागात ऐकवायची आणि त्यांना उत्तरही द्यायची.

“मग नंबर आहेच की काका. सरळ फोन लावू.”

“तो कार्यक्रमाचा नंबर हाये, घरचा नाही,” ते म्हणाले. तरी मी आगाऊपणानं लावून पाहिला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. ते मात्र सुटका झाल्यासारखे दिसले. “अन् उचलला असता तं काय बोलाचं होतं? फर्माईशीत ते बरं असते. नाव सांगाचं, गाव सांगाचं. ज्याले समजाचं त्याले बरोब्बर समजते.”

रेडिओवाल्या माणसाचं गणित मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ‘गावंडे परिवार रेडिओ श्रोता संघ’ हे नाव मात्र माझ्याही लहानपणापासून कानावर होतं. आमच्या भागात असे श्रोता संघ घराघरांतून होते. एकच गाणं मागायला पोस्टकार्डांची चळत पाठवायची, खाली घरातल्या झाडून सगळ्यांची नावं घालायची, आणि निवेदकानं ती वाचली की गल्लीत कॉलर ताठ करून हिंडायचं. तुळशीरामजींचं नाव इतक्यांदा वाचलं जायचं की माझे बाबा म्हणत, या माणसाला गाणं नकोच असतं, नुसतं नाव हवं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शांताकाकू वर गच्चीवर कुरडया घालून नुकत्याच खाली आल्या होत्या. मला पाणी दिलं, आणि मोबाइल बाहेर निघताच आत जायला वळल्या.

“तुम्ही पण ऐका ना काकू. मंजुताई छान बोलतात.”

“मले नाही ऐकाचं,” त्या म्हणाल्या. “ज्याले तिले तोंड दाखवता येते त्यानं ऐकावं.” स्वयंपाकघरात गेल्या खऱ्या, पण दार त्यांनी लोटलं नाही.

तुळशीरामजी तक्रार करू लागले. “मॅडम, पोट्टी अशी घाईघाईनं काहून बोलते? काल तं सावकाश बोलत होती. कोणी मागं लागलं काय तिच्या?” पाहते तर त्यांच्या बोटानं वेग दीडपट झालेला. तो मी सरळ केला, तेव्हा आतून काकूंचा भांडी वाजवायचा आवाज थांबला. मग त्यांना मी थोडं मागे नेण्याचं बटण दाखवलं. हे दाबलं की पंधरा सेकंद मागचं पुन्हा ऐकू येतं, म्हटलं.

“मागं नेता येते?” त्यांचा विश्वास बसेना. “रेडिओत हे नव्हतं.”

ते मुलासारखे त्या बटणाशी खेळत बसले. एका भागात मंजुषा सांगत होती की तिला अजून घोषणा ऐकल्याशिवाय गाडीत बसवत नाही. कुणी नाव पुकारलं नाही तर ती गाडी आपली नाही असं वाटत राहतं. बस, एवढंच. वडिलांचा उल्लेख नाही, गावाचा नाही. तेवढं वाक्य ते पुन्हा पुन्हा मागे नेत राहिले. “पाह्यलं? पाह्यलं?” प्रत्येक वेळी मला विचारायचे. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मलाही वाटलं, होईल. हे काम होईल.

“चला तर मग,” मी म्हटलं, “आज आवाज पाठवूनच टाकू.”

ते उठून उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली. गरम पाण्याच्या गुळण्या करून आले. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, स्टँडावरचा माइक धरायचे तसा धरला. मी बटण कुठे दाबून धरायचं ते दाखवलं आणि मान हलवली.

“दर्यापूरहून गावंडे परिवार रेडिओ श्रोता संघ. तुळशीराम गावंडे, शांताबाई गावंडे, दिनेश, गजानन, बेबी, आणि समस्त गावंडे परिवार. आमची फर्माईश आहे की निवेदिकाताईंनी एकदा आमचं नाव घ्यावं.”

काय सांगू! एका दमात म्हटलं. तो खरखरणारा गळा कुठं गेला कुणास ठाऊक, त्या अर्ध्या मिनिटापुरता स्टँडावरचा जुना आवाज खोलीत उभा राहिला. बोट उचललं गेलं आणि संदेश गेलासुद्धा. मी टाळ्या वाजवल्या. शांताकाकू पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं. पण मी म्हटलं, “गेला बघा काकू, पोचलापण,” तेव्हा त्यांनी ते मिटलं आणि परत आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तिनं ऐकलं होतं. तुळशीरामजी तेवढ्या बातमीसाठी माझ्या घरी चालत आले, पेढ्याचा पुडा घेऊन. मी म्हटलं, अहो थांबा, अजून काही झालं नाही. “ऐकलं ना तिनं? मंग अर्धं काम झालं,” ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे गेले तर बैठकीत खुर्च्या मांडलेल्या. स्वतः आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. मी म्हटलं, “काका, हा कधीही ऐकता येतो, असं मुहूर्त धरून बसायची गरज नसते.”

“तुमाले नसन,” ते म्हणाले. “आम्ही कार्यक्रमाले कधी उशिरा बसलो नाही.”

मी छोटा स्पीकर नेला होता. तो जोडला. काकू आज आत गेल्या नाहीत, दाराच्या चौकटीशी खाली बसल्या. मंजुषा नेहमीसारखी बोलली, उन्हाळ्याबद्दल, माठाबद्दल, शेजारणीच्या माठातलं पाणी आपल्यापेक्षा थंड का लागतं याबद्दल. मग म्हणाली, “आता तुमचे आवाज.” आणि पहिलाच आवाज तुळशीरामजींचा लागला.

दर्यापूरहून गावंडे परिवार. सगळी नावं. फर्माईश. तुळशीरामजी स्वतःचाच आवाज ताठ बसून, डोळे मिटून ऐकत होते. तो संपला. नंतर काहीच ऐकू येईना. मला वाटलं नेट गेलं, मी मोबाइलकडे हात नेला, तेवढ्यात ती बोलली.

“हे श्रोते माझ्या ओळखीचे आहेत. यांच्याकडे रेडिओ होता. दर आठवड्याला फर्माईश जायची आणि तिच्याखाली घरातल्या सगळ्यांची नावं. तुळशीराम गावंडे, शांताबाई गावंडे, दिनेश, मंजुषा, गजानन, बेबी. माझा नंबर चौथा. लहानपणी मी श्वास धरून बसायचे, दिनेशनंतर माझं नाव येईस्तोवर. मग मी लग्न केलं. घरचे रागावले होते, पण मला वाटायचं राग आहे, उतरेल. आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी रेडिओ विकत घेतला, भांड्यांच्या आधी. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम लागला. विनोदला म्हटलं, ऐक, आता माझं नाव येईल. तुळशीराम गावंडे, शांताबाई गावंडे, दिनेश, गजानन, बेबी. मला वाटलं वाचताना राहिलं असेल. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा ऐकलं. मग कळलं की नवीन पोस्टकार्डं लिहिली गेलीत. मला कुणी घराबाहेर काढलं नाही, कुणी एक अपशब्द बोललं नाही. फक्त सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं की गावंड्यांना आता मुलगी एकच आहे.”

ती थांबली. मग परक्या श्रोत्याशी बोलावं तशी पुढे बोलली.

“परवा हा आवाज आला तेव्हा मी हातातलं काम टाकून ऐकला. दिनेशपर्यंत श्वास धरला होता मी. या वयात. काकाजी, तुमची फर्माईश मी पूर्ण करू शकत नाही. पुढचा आवाज आहे साताऱ्याहून.”

साताऱ्याची बाई कैरीच्या तक्कूबद्दल हसत हसत सांगू लागली. मी पटकन बंद केलं.

“मागं न्या,” तुळशीरामजी म्हणाले.

“काका, राहू द्या.”

“मागं न्या, म्हणतो ना.”

मी नेलं. त्यांनी मंजुषाचं नाही, स्वतःचं बोलणं पुन्हा ऐकलं. एकेक नावाला एकेक बोट मिटत गेले. बेबीवर आल्यावर मूठ मिटली, आणि सहाव्या नावासाठी पुढे केलेलं दुसऱ्या हाताचं बोट तसंच उघडं राहिलं.

“मंजू राहिली,” ते म्हणाले. “वो, मंजू राहिली माझ्याकडून. मुद्दाम नाही मॅडम, शपथ सांगतो. इतकी वर्षं तसंच म्हणत आलो, तोंडाले तेच वळण पडलं. तिलेच पाठोत होतो अन् तिचंच नाव...”

“मी ऐकलं होतं,” चौकटीशी बसलेल्या काकू म्हणाल्या. “त्या दिवशी तुमी म्हटलं तेव्हाच ऐकलं. सांगाले आली तं या मॅडम म्हणे, गेला.” माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. “अन् तवा रेडिओवर ऐकलं, तवा बी मले वाटलं वाचणाऱ्यानं सोडलं असन. कोणालेच इचारलं नाही मी. पोळ्या लाटत होती. लाटत राहिली.”

खरं सांगते, मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. मी तिथे कोण होते? मोबाइल शिकवायला आलेली बाई.

“काका,” शेवटी मी म्हटलं, “ऑपरेशनचं कळवू या. आता एकच आठवडा आहे. तिला माहीत नाही, म्हणून ती असं बोलली. कळलं तर धावत येईल.”

“नाही.” त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, “रडून फर्माईश लागत नसते. दुखणं सांगून पोरीले बोलावलं तं ती दुखण्यासाठी येईन. माझ्यासाठी नाही. शांते, तू बी सांगाचं नाही. मॅडम, तुमी बी नाही.”

“मग?”

“पुन्हा पाठोतो. बरोबर म्हणून पाठोतो.”

त्यांनी पुन्हा गुंडी लावली, पुन्हा उभे राहिले. पण आता गळा त्यांचा राहिला नव्हता. ‘दर्यापूरहून’ म्हणतानाच आवाज फाटला. पुन्हा सुरुवात केली. दिनेशपर्यंत आले आणि ‘मं’ म्हणून अडकले. पुसून पुन्हा, मग पुन्हा. गळ्याचा त्रास होता की रडू, मला सांगता येणार नाही, त्यांनाही आलं नसतं. दुपार कलली तेव्हा त्यांनी श्रोता संघ, गाव, परिवार सगळं सोडून दिलं. खाली बसले. मोबाइल ओठांशी धरला आणि नुसतं म्हणाले, “मंजुषा तुळशीराम गावंडे.” कुजबुजल्यासारखं, पण अक्षर न् अक्षर कळेल असं. मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच.

पाठवलं. तासाभरात खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. पुढे मी विचारायचं सोडून दिलं, कारण विचारलं की ते मोबाइल उघडून माझ्यासमोर धरायचे, जणू मला त्यात काही वेगळं दिसणार होतं.

दुसऱ्या शुक्रवारचा भाग लहानसा होता. या वेळी खुर्च्या मांडल्या नव्हत्या. नागपूरला न्यायची पिशवी मात्र भरून दारात ठेवलेली होती, कारण बोलावणं आलं होतं. मंजुषाचा आवाज थकलेला वाटला. शेवटी ती म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. आजपासून श्रोत्यांचे आवाज घेणं मी थांबवते आहे. पाठवलेत त्या सगळ्यांचे आभार. यापुढे इथे मी एकटीच बोलत जाईन.”

एवढंच. तुळशीरामजी खिडकीबाहेर पाहत होते. “तिचा कार्यक्रम हाये,” ते म्हणाले. “निवेदिकेचा अधिकार असते तो.” मग मोबाइल माझ्याकडे दिला. “दवाखान्यात रेंज नसते म्हणे. नेटबिगर ऐकू येते असं करता येते काय?”

मी त्यांना डाउनलोड शिकवलं. खाली जाणारा बाण दाबायचा, गोल भरत जातो, भरला की भाग आपल्या मोबाइलमध्ये उतरला. एकेक करून ‘मागचं दार’चे सगळे भाग त्यांनी स्वतःच्या बोटानं उतरवून घेतले. माझा सर्वांत चांगला विद्यार्थी तोच होता. घाईनं निघताना ते मला ‘येतो’ म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो शेवटचा शब्द.

ते नागपूरला होते तेव्हा मी त्यांचं न ऐकता मंजुषाला कळवलं. माझ्या नंबरवरून, माझं नाव सांगून. लिहिलं की मी तुमच्या वडिलांना मोबाइल शिकवणारी बाई, त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. आता ते कधीच बोलू शकणार नाहीत. तुमचं नाव त्यांनी त्या दिवशी सवयीनं सोडलं, मुद्दाम नाही. त्यांना हे कळवलेलं आवडणार नाही, तरी कळवते आहे. तुम्ही या. हात जोडते, एकदा या.

ती आली नाही. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तुळशीरामजींना जाऊनही झाली, म्हणून सांगून टाकते. तेव्हा आली नाही आणि नंतरही नाही. तिला दोष द्यायला मी अनेकदा बसले आणि दर वेळी त्या भाड्याच्या खोलीतला रेडिओ मला आठवला. मग मला कुणालाच दोष देता यायचा नाही, आणि ते जास्तच वाईट वाटायचं.

तिचं उत्तर आलं ते मात्र मी त्यांच्याच घरी बसले असताना. नागपूरहून परतून त्यांना चारदोन दिवस झाले होते. गळ्याला पांढरी पट्टी, तिच्या मध्ये भोक, आणि श्वास तिथून शिट्टीसारखा बारीक वाजत होता. काकू त्यांना वरणाचं पाणी भरवत होत्या. माझा मोबाइल वाजला, मी पाहिला, आणि माझा चेहरा बदलला असणार. कारण तुळशीरामजींनी वाटी बाजूला सारली आणि हात पुढे केला.

“कोणाचं हाये?” काकूंनी विचारलं.

खोटं बोलायचं सुचलं असतं तर बोलले असते. “मंजुताईंचं. मी त्यांना कळवलं होतं काका. माफ करा.”

ते रागावले नाहीत. उलट धडपडत सरळ बसले, उशीखाली हात घालून चष्मा शोधू लागले. त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मला बघवेना. मी पहिल्यांदा घरी आले तेव्हा घोषणेचं वाक्य मागे नेऊन ऐकताना होता तोच उजेड. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. ओठ हलले, आवाज अर्थातच आला नाही. पुन्हा वाचलं. मग मोबाइल मांडीवर ठेवला.

“काय म्हणते?” काकू म्हणाल्या. “अवो, सांगा ना कोणी. मले वाचता येत नाही चष्म्याबिगर. येतो म्हणते काय?”

ते सांगू शकत नव्हते. त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. मग ते मलाच वाचावं लागलं.

“‘कळवलंत, आभारी आहे. बाबांना ऐकू येतं ना? मग ऐकू द्या.’”

“अन् पुढं?”

“एवढंच आहे काकू.”

काकूंनी वरणाची वाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं, किती तरी वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, फळीवरचा तुळशीरामजींचा, सगळे भाग उतरवलेला मोबाइल घेतला आणि त्यांच्या हातात नेऊन ठेवला.

“ऐका मंग,” त्या म्हणाल्या, आणि उष्टी वाटी उचलून आत गेल्या.